टोपलीचे मोल : बाजार, बलुते आणि वाङ्मयीन दृष्टी

विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांतील मराठी लेखकांच्या गद्याचा विचार करताना समीक्षेची दृष्टी बहुधा सभामंडप, वृत्तपत्राची कचेरी आणि सुशिक्षित कुटुंबाचे माजघर या तीन स्थळांवर खिळून राहते. सुधारणेचा वाद, राष्ट्रीय चळवळ आणि स्त्रीजीवनातील कोंडमारा हे त्या काळाचे प्रमुख विषय होत, यात शंका नाही. परंतु याच काळात लहान गावचा माणूस आठवड्यातून एकदा बाजारास जात होता. सूप, टोपली, मडके, पाटा-वरवंटा अशा वस्तू घासाघीस करून घरी आणत होता. आणि या देवघेवीत शेजाऱ्याशी, जातीशी, सरकारशी व परक्या व्यापाराशी असलेले त्याचे नाते दर वेळी नव्याने ठरत होते. हा व्यवहार केवळ सामाजिक इतिहासाचा विषय मानून बाजूस ठेवला, तर त्या काळातील काही महत्त्वाच्या लेखनाचे मर्म हातून निसटते.

हे विधान पारखून पाहण्यासाठी टोपलीसारखी अल्पमोली वस्तू पुरेशी आहे. १९०१ साली छत्तीसगडात एका मराठीभाषकाने लिहिलेली हिंदी कथा, १९१५ साली प्रसिद्ध झालेला मराठी ग्रंथ आणि १९८० साली आलेले एक मराठी आत्मकथन, अशा तीन कृतींत टोपलीचा किंवा ती विकणाऱ्याचा संबंध येतो. वस्तूची बाजारातील किंमत आणि माणसाच्या जीवनातील तिचे मोल यांत पडलेले अंतर हा तिन्ही कृतींच्या आशयाचा एक गाभा आहे. मात्र ते अंतर कोणाच्या बाजूने मोजले गेले, यावर त्या त्या कृतीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा अवलंबून आहे.

आरंभ भिलाईच्या परिसरापासून करणे सयुक्तिक ठरेल. आज पोलादाच्या कारखान्यासाठी विख्यात असलेले भिलाई शतकाच्या आरंभी एक खेडे होते. ज्या दुर्ग जिल्ह्यात ते मोडते, तो जिल्हाच मुळी १९०६ साली रायपूर व बिलासपूर या जिल्ह्यांचे भाग तोडून बनविण्यात आला. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत हा मुलूख भोसल्यांच्या अमलाखाली होता. त्यामुळे मराठी कुटुंबे येथे पिढ्यान् पिढ्या स्थायिक झाली होती. धान हे या प्रदेशाचे पीक आणि बऱ्याच अंशी त्याचे चलनही. काठा या मापाने धान मोजून द्यावे आणि हवी ती वस्तू घ्यावी, असा रिवाज. न्हावी, धोबी, लोहार यांना वर्षाच्या कामाबद्दल धान देण्याच्या पद्धतीस तेथे पौनी-पसारी म्हणतात. महाराष्ट्रातील बलुत्याचीच ही सख्खी बहीण होय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या मुलखातून बंगाल-नागपूर रेल्वे गेली आणि दूरच्या गिरण्यांचे कापड, घासलेट व काडेपेट्या आठवड्याच्या बाजारात बुरुडाच्या टोपल्यांशेजारी येऊन बसल्या. खळ्यावर मोजले जाणारे धान आणि रोख पैशाने घ्यावयाची वस्तू असे दोन व्यवहार एकाच गावात एकाच वेळी नांदू लागले.

या परिस्थितीत माधवराव सप्रे यांचे लेखन घडले. पेंड्रा येथून जानेवारी १९०० पासून त्यांनी रामराव चिंचोलकर यांच्यासह ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक चालविले. वामन बळिराम लाखे हे त्याचे प्रकाशक. तिघेही मराठी, आणि मासिक मात्र हिंदी, ही गोष्ट भारतीय वाङ्मयाच्या परस्परसंबंधाचा विचार करणाऱ्याने विसरता कामा नये. याच मासिकात १९०१ साली सप्र्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा प्रसिद्ध झाली. हिंदीतील आरंभीच्या लघुकथांत तिची गणना होते, आणि पहिली कोणती या वादात तिचे नाव हटकून घेतले जाते. पण या कालक्रमाच्या चर्चेत कथेतील वस्तूंकडे फारसे लक्ष गेलेले नाही.

कथानक अगदी साधे आहे. जमीनदाराला आपल्या वाड्याचे आवार वाढवावयाचे आहे. शेजारी एका अनाथ विधवेची झोपडी आहे. ती झोपडी सोडीत नाही, तेव्हा तो वकिलांना पैसा चारून न्यायालयातून ताबा मिळवितो. पुढे एक दिवस म्हातारी टोपली घेऊन येते. घर सुटल्यापासून नातीने अन्न सोडले आहे. झोपडीतील मातीची चूल घालून त्यावर भाकरी केली, तर पोर खाईल, अशी तिला आशा आहे. ती माती भरते आणि टोपली डोक्यावर चढविण्यास हात लावावा अशी विनंती जमीनदारालाच करते. त्याला ती टोपली उचलत नाही. एका टोपलीचे ओझे ज्याला पेलत नाही, त्याला या झोपडीतील हजारो टोपल्या मातीचे ओझे जन्मभर कसे पेलेल, असे ती विचारते. जमीनदाराला पश्चात्ताप होतो आणि तो झोपडी परत करतो.

या कथेची रचना दोन गृहवस्तूंवर तोललेली आहे. टोपली बाजारात मिळते. चूल मिळत नाही. चूल त्या काळी घरची बाई स्वतःच्या हाताने घालीत असे आणि तिची माती जवळचीच असे. जमीनदाराने कायदा विकत घेतला आणि झोपडी मिळविली. म्हणजे जे विकाऊ नव्हते तेही त्याने बाजारात आणले. म्हातारीची मागणी या बाजाराच्या मुळावरच येते. ती मोबदला मागत नाही. ज्याची किंमत करता येत नाही, एवढेच ती नेऊ इच्छिते. कथेचे सामर्थ्य येथे आहे. परंतु तिचा शेवट मालकाच्या हृदयपरिवर्तनावर विसंबतो. झोपडी परत मिळते ती हक्क म्हणून नव्हे, देणगी म्हणून. ज्या व्यवहाराने ती गेली, तो व्यवहार जसाच्या तसा राहतो. आणखी एक गोष्ट उरतेच : ती टोपली कोणी विणली, हा प्रश्न कथेत उद्भवत नाही. टोपली येथे नैतिक भाराचे साधन आहे. कोणाच्या श्रमाचे फळ म्हणून ती दिसत नाही.

पुढील काही वर्षांत सप्र्यांची भूमिका बदललेली दिसते. १९०५ च्या वंगभंगानंतर स्वदेशीची चळवळ पसरली आणि १९०६ साली त्यांचे ‘स्वदेशी आंदोलन और बायकाट’ हे पुस्तक आले. पुढे सरकारने ते जप्त केले. येथे धनिकाच्या पश्चात्तापाची वाट पाहिलेली नाही. साखर, कापड, काच विकत घेणारा सामान्य गृहस्थ हाच आता कर्ता ठरतो. वस्तू न घेण्याचा त्याचा निश्चय हे राजकीय कृत्य होते. तळेगावला १९०८ साली उभा राहिलेला पैसाफंडाचा काचकारखाना हे याच मनोवृत्तीचे फळ. करुणेकडून निश्चयाकडे झालेला हा प्रवास मोठा आहे. तरीही स्वदेशीच्या गद्यातील ग्राहकाला निवड करण्याइतकी ऐपत आहे, असे बहुधा गृहीत धरलेले असते. ज्याला स्वस्त तेच परवडते, किंवा जो स्वस्त परदेशी माल विकूनच पोट भरतो, त्याचे काय, हा प्रश्न रवींद्रनाथांनी १९१६ च्या ‘घरे-बाइरे’ मध्ये पंचूच्या रूपाने उपस्थित केला. त्या प्रश्नाची धार प्रचारपर लेखनाला सोसणारी नव्हती.

मराठीत मात्र त्याच्या आदल्याच वर्षी एक असा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता, की ज्याने बाजाराचा आणि बलुत्याचा जमाखर्च निर्दयपणे मांडला. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५) हा समाजशास्त्राचा ग्रंथ की ललित गद्याचा, या वादात पडण्याचे कारण नाही. त्यातील भाषा कोशातली नाही, खळ्यावरची आणि बाजारातली आहे. हक्क, लाग, मापात पाप, उधारी हे सारे त्यात बोलीच्या अंगाने उतरले आहे. कुणब्याच्या राशीतून कोण कोण कसे उचलतो, याची आत्र्यांनी दिलेली वर्णने केवळ माहिती म्हणून वाचली जात नाहीत. वाचकाला तेथे माणसे दिसू लागतात.

आत्र्यांचे वाङ्मयीन धैर्य असे, की त्यांनी जुन्या गावाची स्मरणरम्य आरती ओवाळली नाही. आजही बलुत्याकडे परस्पर सहकार्याची गोड व्यवस्था म्हणून आणि बाजाराकडे तिचा घात करणारी परकी शक्ती म्हणून पाहणारी समीक्षा आढळते. ‘गावगाडा’ या समजाला तडा देतो. काम वंशपरंपरेने बांधलेले, मोबदलाही बांधलेला. मग चांगले काम करण्याची ईर्षा कशाला उरावी आणि वाईट कामाबद्दल दुसरा कारागीर गाठण्याची मुभा तरी कोठे असावी? रोख पैसा देऊन काम घेण्याच्या पद्धतीकडे आत्र्यांचा कल आहे, तो या विचारातून. या भूमिकेची दुसरी बाजू त्यांनी मांडली नसली, तरी ती पुढील इतिहासाने मांडली. बलुत्याचे बंधन देणाऱ्यापेक्षा घेणाऱ्या हातांना अधिक काचत होते. १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात महारवतनासंबंधी विधेयक आणले, ते याच जाणिवेतून. ज्याला नकार देता येत नाही, त्याच्या देवघेवीस सहकार्य म्हणणे कठीण आहे.

येथेच आत्र्यांच्या दृष्टीची मर्यादा लक्षात येते. त्यांचा जमाखर्च कुणब्याच्या ओसरीवर बसून लिहिलेला आहे. गावात येणाऱ्या भटक्या विक्रेत्यांना आणि मागत्यांना ते ‘फिरस्ते’ या सदरात घालतात, आणि कुणब्याच्या घरातून काय गेले एवढेच तेथे प्रामुख्याने मोजले जाते. टोपली, कणगी, जाते दारात आणणाऱ्याची स्वतःची भूक खर्चाच्या रकान्यात येत नाही. ‘गुन्हेगार जाती’ (१९११) हे त्यांचेच दुसरे पुस्तक. ज्या कायद्याने कैकाड्यांसारख्या कष्टकरी जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्याच्या सावलीतच या निरीक्षकाची नजर घडली होती, हे मान्य केल्याने ‘गावगाड्या’चे महत्त्व उणावत नाही. त्याचा हिशेब एकाच बाजूचा आहे, एवढेच स्पष्ट होते.

दुसऱ्या बाजूचा हिशेब मराठीत यावयास पासष्ट वर्षे लागली. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ (१९८०) मध्ये टोपली विणणाऱ्या कैकाडी कुटुंबातला मुलगा बोलतो. गाढवावर बिऱ्हाड, फोकांच्या पाट्या विणायच्या, गावात फिरून विकायच्या आणि बदल्यात बहुधा मिळते ते शिळेपाके अन्न. ओसरीवरून जो फिरस्ता दिसत होता, त्याला आता ओसरी कशी दिसते, हे येथे कळते. घासाघीस हा गृहिणीच्या दृष्टीने चातुर्याचा भाग असतो. विकणाऱ्याच्या दृष्टीने ती रात्रीच्या जेवणाची वजाबाकी असते. ‘उपरा’चे मूल्य केवळ दुःखाच्या दस्तऐवजात शोधणे पुरेसे नाही. त्याने पूर्वीच्या वाङ्मयातील एका गप्प वस्तूला तिचा कर्ता परत दिला, आणि त्या उजेडात सप्र्यांची कथा व आत्र्यांचा ग्रंथ दोन्ही पुन्हा वाचणे भाग पडले.

या तिन्ही कृती शेजारी ठेवल्या असता कोणतीही एक दुसरीस रद्द करीत नाही. सप्रे सांगतात की प्रत्येक गोष्टीची किंमत होत नाही. आत्रे सांगतात की ज्यांची किंमत ठरविली जात नाही, अशा व्यवहारांतही पिळवणूक लपलेली असते. माने दाखवितात की किंमत ठरविण्याच्या जागी विकणाऱ्याला उभेच राहू दिलेले नसते. पहिल्याजवळ अंतःकरण आहे, दुसऱ्याजवळ हिशेब, तिसऱ्याजवळ अनुभव. यांपैकी एकाच मापाने या काळाचे वाङ्मय मोजणारी समीक्षा मापात मारल्याचा दोष टाळू शकणार नाही.

सप्र्यांच्या कथेला भिलाईच्या भूमीत पुढे एक अनपेक्षित संदर्भ लाभला. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्यासाठी अनेक गावांची जमीन घेतली गेली. या कारखान्याने देशाला पोलाद दिले, दूरदूरच्या प्रांतांतील माणसांना, मराठी कुटुंबांनाही, काम आणि घर दिले. ही प्राप्ती लहान नाही. परंतु छत्तीसगडात बांधकामाची माती डोक्यावर वाहणाऱ्या स्त्रिया आजही दिसतात. त्यांना तेथे रेजा म्हणतात. म्हातारीने जमीनदाराला विचारलेला ओझ्याचा प्रश्न त्यांच्या संदर्भात वाचला, तर कथेचा गोड शेवट अपुरा वाटू लागतो. प्रश्न मात्र तसाच उरतो. सप्र्यांच्या कथेचे चिरंतनत्व तिच्या उत्तरात नाही, या प्रश्नात आहे. आणि त्या प्रश्नाला, टोपली कोणी विणली, हा दुसरा प्रश्न जोडून वाचणे हे आजच्या समीक्षेचे काम आहे.