बच्चूला कुणी विचारलं?

प्रसाद ओकचा ‘कच्चा लिंबू’ (2017) चांगला सिनेमा आहे, हे आधीच सांगून टाकतो. जयवंत दळवींच्या ‘ऋणानुबंध’ कादंबरीवरचा. मतिमंद बच्चू वयात येतो, त्याचं अंग जागं होतं आणि आईबापाची झोप उडते. पाळीपाळीनं नोकरी करणाऱ्या त्या नवराबायकोला एकमेकांजवळ बसायलाही सवड नाही. मराठी पडद्यानं हे तोंड न फिरवता दाखवलं. मान्य.

पण सिनेमा कुणाचा? आईबापाचा. बच्चूची वासना म्हणजे घरावरचं संकट. त्याला काय हवंय, कुणाची सोबत हवीय, हे विचारतो कोण? दळवींच्याच ‘नातीगोती’ नाटकातही दुःख आईबापाचं, पोरगा निमित्ताला.

आणि संकट म्हटलं की बंदोबस्त आलाच. 1994 साली शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुली-बायकांची गर्भाशयं पुण्याच्या ससूनमध्ये काढली. कारण काय, तर पाळीची स्वच्छता! बायकांच्या संघटना रस्त्यावर आल्या तेव्हा थांबलं. अपंगांच्या हक्काचा 2016 चा कायदा सांगतो, त्या माणसाच्या संमतीशिवाय त्याला वांझ करता येणार नाही. म्हणजे कायद्याला विचारावंसं वाटलं, लेखकाला अजून नाही.

2015 पासून सरकारी तोंडी ‘दिव्यांग’ शब्द आला. ‘हरिजन’ ऐकलेल्या कानांना ही मखलाशी समजावून सांगायला नको. देवाचं केलं की माणूस मखरात बसतो. मखरातल्याला कुशीत कोण घेणार?

चिखले-डहाणूकडच्या वारली पाड्यांवर पैसा नसला तर जोडपं आधी संसार मांडतं, लग्न ऐपत आल्यावर. कधी पोरं झाल्यावरसुद्धा. दोघांचा होकार असला की चूल पेटते, हे आमच्या भागाला नवं नाही. पण त्यातलं एक जण आंधळं, लंगडं किंवा मतिमंद निघू द्या. मग आम्हीही पांढरपेशांसारखेच विचारतो, ‘ह्याला कशाला पाहिजे लगीन?’

आपलं दुःख दुसऱ्यानं लिहिलेलं आपण नाकारलं. मग बच्चूचं दुःख त्याच्या आईबापाच्या तोंडून का ऐकायचं? लिहा त्याच्या बाजूनं. त्याला शब्द नसतील तर त्याचे हात लिहा, हट्ट लिहा. आणि समोरच्या बाईचा नकारही तितकाच ठळक लिहा. माणूस म्हणून मोजायचं तर दोघांनाही मोजा.