जुन्या टीव्हीची हळहळ

मंडळी, आजचा विषय वाचून आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, तत्त्वज्ञान सोडून दुरुस्तीचं दुकान काढताय की काय?" आम्ही म्हटलं, दुकान नाही काढत, पण सुरुवात दुकानातूनच करणार आहोत.

पुण्यातला आमचा जुना वाडा पाडायचा ठरला, तेव्हा माळ्यावरून एक टीव्ही निघाला. कृष्णधवल, लाकडी कपाटाचा, खाली स्क्रूने बसवायचे चार पाय, समोर दोन्ही बाजूंनी सरकणारं शटर आणि शटरला कुलूप. 1976 साली आमच्या काकांनी घेतलेला. पुतण्याने हट्टाने तो तपकीर गल्लीत नेला. तिथल्या एका वयस्कर मेकॅनिकने कंडेन्सर बदलले, सुकलेल्या जोडण्या पुन्हा डाख दिल्या, आणि संच जिवंत झाला. पण दाखवणार काय? छतावरच्या अँटेनाने पकडायची ती जुनी अॅनालॉग प्रक्षेपणं दूरदर्शनने 2022 सालापर्यंत जवळजवळ सगळी बंद केली. मग सेट-टॉप बॉक्स आणि मध्ये एक मॉड्युलेटर, अशी द्राविडी प्राणायामाची जुळणी. बटण दाबलं, वाट पाहिली, पडदा हळूहळू उजळला. आमचे डोळे भरून आले, हे कबूल करतो.

तेवढ्यात पुतण्याच्या नऊ वर्षांच्या मुलीने कानांवर हात ठेवले. "आजोबा, शिट्टी वाजतेय!" आम्हाला काहीच ऐकू येईना.

मुलगी खरं सांगत होती. आपल्याकडच्या पद्धतीत चित्र 625 ओळींचं, सेकंदाला 25 चित्रं. गुणाकार करा: 15,625. दर सेकंदाला इतक्या वेळा झोत डावीकडून उजवीकडे ओढला जातो आणि त्या कामातला ट्रान्सफॉर्मर बारीक थरथरतो. ही थरथर म्हणजेच ती शिट्टी. लहान कानांना ती ऐकू येते, आणि वय वाढलं की आधी हेच वरचे सूर जातात. 1976 साली आम्ही नुकते नोकरीला लागलो होतो, तेव्हा आम्हालाही ती ऐकू येत असणार. म्हणजे संच तोच, दुरुस्ती चोख, पण त्याचा आवाज पुरा ऐकणारा माणूस आता खोलीत एकच होता, आणि त्या मुलीला 1976शी काही देणंघेणं नव्हतं.

कांटला ही गोष्ट आवडली असती. योहानेस होफर या तरुण वैद्याने 1688 साली बाझलमध्ये प्रबंध लिहिला, परमुलखात घराच्या ओढीने झुरणाऱ्या स्विस लोकांच्या आजारावर, आणि त्याला 'नॉस्टॅल्जिया' हे नाव दिलं. उपाय सरळ वाटत होता, रोग्याला घरी पाठवा. कांटने 1798च्या मानवशास्त्रावरच्या पुस्तकात यावर मार्मिक टिप्पणी केली आहे. ही माणसं घरी परततात, तेव्हा त्यांची निराशा होते आणि त्या निराशेनेच ती बरी होतात. तिथे सगळं बदललंय असं त्यांना वाटतं, पण खरी गोष्ट ही की त्यांना तिथे आपलं तारुण्य परत आणता येत नाही. होफरचा आजार जागेचा होता, कांटने तो काळाचा केला.

मराठीत आपण दोन शब्द वापरतो: गतकातरता आणि स्मरणरंजन. पहिल्यात काहीतरी दुखतंय, दुसऱ्यात करमणूक आहे. सध्या बाजारात मिळतं ते दुसरं. कॅफेत भिंतीला लावून ठेवलेले मेलेले टीव्ही, आतलं यंत्र काढून फिशटँक केलेले संच, आणि मोबाइलवरचे ते फिल्टर, ज्यांतून कालच्या वाढदिवसाचं चित्रीकरण चाळीस वर्षं जुनं दिसायला लागतं.

या फिल्टरवर आमचा खास राग आहे, तेव्हा थोडं थांबतो. त्यात काय घालतात? जाड आडव्या रेघा, लटलटणारं चित्र आणि मुंग्या. आता आमच्या वयाच्या माणसांना विचारा, रेघा दिसायच्या का? खोलीच्या पलीकडच्या टोकाला बसलं की दिसत नसत. नाक लावून बसलेल्या पोराला दिसत, आणि त्याला "मागे हो, डोळे जातील" असा ओरडा बसे. चित्र लटलटलं की उठून मागचा व्हर्टिकल होल्ड फिरवावा लागे. आणि मुंग्या! 'मुंग्या आल्या' हे आमच्या घरातलं संकटाचं वाक्य होतं. पुण्यात 1973पासून सिंहगडावरून प्रक्षेपण यायचं. वारं सुटलं, अँटेनावर कावळा बसला, की तोंड सिंहगडावरून हललंच म्हणून समजा. ज्या दोषांशी आम्ही रोज झगडत होतो, त्यांचीच आज सजावट झाली आहे. जुन्या घराची आठवण म्हणून छताला मुद्दाम गळती लावावी, तसं हे.

तुम्ही म्हणाल, चित्रातले दोष सोडा, मूळ चित्र तर हवंहवंसं होतं ना? इथे आम्हाला यंत्राच्या आत जरा शिरू द्या. काचेच्या नळीत इलेक्ट्रॉनांचा एकच झोत असतो. तो एका वेळी एका ठिपक्यावर पडतो, तिथला लेप चमकतो आणि लगेच विझू लागतो. आधी एक सोडून एक ओळी, मग उरलेल्या, असं सेकंदाला 50 वेळा. त्यामुळे कोणत्याही एका क्षणी पडद्यावर पूर्ण चित्र कधीच नसतं. चालू टीव्हीचा झटकन फोटो काढला की अर्धा पडदा काळा येतो, तो त्यामुळेच. अख्खं चित्र बघणाऱ्याच्या डोळ्यात जुळतं. आपल्याकडे याला जुना दृष्टांत आहे, अलातचक्राचा. पेटतं कोलीत अंधारात फिरवलं की अग्नीचं वर्तुळ दिसतं, आणि ते वर्तुळ कुठेच नसतं. गौडपादांनी मांडुक्यकारिकेच्या चौथ्या प्रकरणात हा दृष्टांत फार मोठ्या कामासाठी योजला आहे. आम्ही तो टीव्हीपुरता उसना घेतोय, वेदान्ती मंडळींनी क्षमा करावी.

म्हणजे खोक्यात चित्र नव्हतंच. मग खोका जपून आपण काय जपतो?

याला एक चांगलं उत्तर आहे, आणि ते टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. काही बाबतींत खोकाच जपावा लागतो. 'डक हंट' नावाचा 1984चा एक खेळ होता, खेळण्यातल्या बंदुकीने पडद्यावरची बदकं टिपायचा. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होई, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे आणि बंदूक तो उजेड ओळखे. आजच्या सपाट पडद्यावर चित्र किंचित उशिरा उमटतं, म्हणून ती बंदूक तिथे आंधळी ठरते. ज्यांना तो खेळ खेळायचाय त्यांनी जुनी नळी सांभाळली, तर ती गरज म्हणायची. हळहळीचा तिथे संबंध नाही.

दुसरं उदाहरण मोठं आहे. नाम जून पाइक या कोरियन कलावंताने 1988 साली, सोल ऑलिंपिकच्या वर्षी, 1,003 टीव्हींचा एक मनोरा उभा केला. 3 ऑक्टोबर हा कोरियाचा स्थापनादिन, म्हणून दहावा महिना आणि तिसरा दिवस मिळून 1,003. सोलजवळच्या ग्वाचॉनच्या संग्रहालयात तो आहे. संच म्हातारे झाले, तापू लागले, 2018 साली सगळं बंद करावं लागलं. दुरुस्त करायचं तर नळ्या कुठून आणायच्या, त्या कोणी बनवतच नाही. सगळे पडदे सपाट केले तर ती कलाकृती पाइकची राहील का? शेवटी बरेच जुने संच दुरुस्त केले, जुने मिळवून बसवले, काही ठिकाणी सपाट पडदे लावले, आणि 2022 साली मनोरा पुन्हा उजळला. ही तडजोड आम्हाला पटते. 'तेच आहे' असं म्हणवून घेण्यासाठी त्यांनी कष्ट घेतले, आणि जिथे 'तेच' राहिलं नाही, तिथे ते लपवलं नाही.

'तोच हा'. नैयायिक याला प्रत्यभिज्ञा म्हणतात. काशीत पाहिलेला देवदत्त इथे दिसतो आणि आपण म्हणतो, तोच हा देवदत्त. नुसत्या स्मृतीला ते प्रमा मानत नाहीत, कारण स्मृती संस्कारातून उपजते आणि नवं काही सांगत नाही. प्रत्यभिज्ञेत मात्र वस्तू समोर असते. यावर बौद्धांचा आक्षेप असा की दिव्याची ज्योत पाहूनही तुम्ही 'तीच ही' म्हणता, आणि ती तर क्षणोक्षणी वेगळी असते. बारा वर्षं आम्ही हा वाद वर्गात शिकवला, नैयायिकांच्या बाजूने. या टीव्हीने मात्र आमची बाजू डळमळली. झालं असं.

संच सुरू झाल्यावर पुतण्याने त्याचा फोटो वाड्यातल्या जुन्या बिऱ्हाडकरूंच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. शंभर बदाम, आणि 'काय दिवस होते!', 'सगळा वाडा एका कुटुंबासारखा!'. शनिवारचा मराठी चित्रपट, 'चिमणराव', 'गजरा', सगळ्यांची उजळणी झाली. आम्हीही चार ओळी लिहिल्या, जरा अलंकारिकच. आणि मग एकाने एवढंच लिहिलं, "किल्ली सापडली का?"

हा गृहस्थ आता साठीचा आहे, पिंपरीतल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेला. त्याची आई आमच्याकडे धुणीभांडी करायची. मागच्या बोळातल्या खोलीत ते राहायचे. ग्रुपवर कोणीच उत्तर दिलं नाही. आम्ही त्याला फोन केला.

"दादा," तो म्हणाला, "मला सिनेमा आठवत नाही. शटर आठवतं."

मग त्याने सांगितलं आणि आम्हाला एकेक आठवत गेलं. म्हणजे आठवत होतंच, पण आम्ही तिकडे कधी पाहिलं नव्हतं. खुर्च्या आणि पलंग घरच्यांना, सतरंजी बिऱ्हाडकरूंना, आणि उंबऱ्याबाहेर ओसरीवर बाकीचे. या उंबऱ्याचा अर्थ वाड्यात सगळ्यांना कळत होता, कोणाला सांगावा लागत नव्हता. अँटेना फिरवायला कौलांवर मात्र त्यालाच चढवत, अंगाने हलका म्हणून. खालून आरोळी जायची, "आलं... गेलं... आलं, आलं, राहू दे!" तो उतरून ओसरीत येईपर्यंत पहिलं गाणं संपलेलं असे. ओसरीत पोरांचा गलका झाला की काका उठत, शटर ओढत आणि कुलूप घालत. पाच मिनिटांची शिक्षा. तेवढ्यात पलंगावरचे आम्ही चहा घेत असू. "ते लाकूड सरकल्याचा आवाज," तो म्हणाला, "अजून कधी कधी रात्री ऐकू येतो."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर आम्हाला सोपं गेलं असतं.

आता सांगा, तोच हा टीव्ही कोणाचा? मुलीला शिट्टी ऐकू येते, त्याला शटर ऐकू येतं, आम्हाला 'चिमणराव' ऐकू येतो. वस्तू एक आहे यावर नैयायिक ठाम राहतील, आणि तेवढ्यापुरते ते बरोबरही आहेत. लाकूड बदललेलं नाही. पण 'तो' हे पद तिघांच्या तोंडी तीन ठिकाणी बोट दाखवतंय, आणि वाड्याच्या ग्रुपवर 'आपले दिवस' म्हणून जे चाललं होतं त्यात एकाच पलंगावरचं 'आपण' होतं. स्मरणरंजनाला आमचा आक्षेप आहे तो इथे. रंजन होण्यासाठी कोणालातरी ओसरीवरच ठेवावं लागतं, नाहीतर चित्र बिघडतं. जुना टीव्ही कॅफेच्या भिंतीला शोभतो, कारण तिथे त्याची किल्ली कोणी मागत नाही.

आम्ही त्याला टीव्ही पाहायला बोलावलं. तो आला, बायकोला घेऊन. पुतण्याने त्याला समोरची खुर्ची दिली. तो बराच वेळ संचाच्या मागे उभा राहून वायरी पाहत होता, मेकॅनिकने कोणते कंडेन्सर घातले ते विचारत होता. कारखान्यात त्याने जन्मभर इलेक्ट्रिकलचंच काम केलंय. मॉड्युलेटरची पिन सैल आहे, हे त्याच्याच लक्षात आलं. ती घट्ट केल्यावर चित्र स्वच्छ झालं. किल्ली मिळालेली नाही, हेही आम्ही त्याला सांगितलं. शटर आता कुलपाशिवाय आहे, पण ते त्याने सरकवून पाहिलं नाही.

वेळ संपत आली आहे, प्रश्न घ्यायचेत. एक विनंती. तुमच्यापैकी जे कौलांवर चढायचे किंवा ओसरीवर बसायचे, त्यांनी आज आधी बोलावं. पलंगावरचे आम्ही बरंच बोललो.