त्यागाची प्रतिमा आणि तरुण डॉक्टरची द्विधा : ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ या चित्रपटाची चिकित्सा

प्रस्तावना :

आदर्श डॉक्टर म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर ज्या थोड्या व्यक्ती उभ्या राहतात, त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे स्थान अग्रभागी आहे. ही प्रतिमा घडविण्यात व्ही. शांताराम यांच्या ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ (१९४६) या राजकमल कलामंदिरनिर्मित चित्रपटाचा वाटा मोठा आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘अँड वन डिड नॉट कम बॅक’ या पुस्तकावर तो आधारलेला असून पटकथा अब्बास व व्ही. पी. साठे यांची आहे. चित्रपटाच्या राष्ट्रीय आशयाची चर्चा पुष्कळ झाली. तथापि, रुग्णालयात काम करणाऱ्या तरुण डॉक्टरपुढील नैतिक व वैयक्तिक पेच हा चित्रपट कसा हाताळतो, या प्रश्नाकडे त्या मानाने दुर्लक्ष झाले आहे. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचे विवेचन करावयाचे आहे. चित्रपटाने कोटणीसांना अमर केले खरे, परंतु त्या प्रयत्नात त्यांची द्विधा पुसून टाकली, हे या लेखाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

चरित्रातील पेच :

चित्रपटाकडे वळण्यापूर्वी मूळ जीवनक्रम ध्यानात घेणे आवश्यक आहे. डॉ. कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला वैद्यकीय साहाय्य पाठविण्याचा निर्णय काँग्रेसने सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षपदाच्या काळात अमलात आणला. डॉ. अटल, डॉ. चोळकर, डॉ. मुखर्जी, डॉ. बसू आणि डॉ. कोटणीस हे पाच डॉक्टर सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून निघाले. त्या वेळी कोटणीसांचे वय सत्तावीस वर्षांचे होते आणि पदव्युत्तर शिक्षणाचा मार्ग त्यांच्यापुढे खुला होता.

मोहीम मर्यादित मुदतीची होती. सहकारी टप्प्याटप्प्याने परतले. वडिलांच्या निधनाची वार्ता कोटणीसांना चीनमध्येच कळली, तरीही ते परतले नाहीत. १९४० मधील लढाईत त्यांनी बहात्तर तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या व आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले, असे सांगितले जाते. जानेवारी १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद त्यांच्याकडे आले. त्याच वर्षाच्या अखेरीस परिचारिका कुओ छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. भारत आणि चीन या दोन देशांच्या नावांतून त्याचे ‘यिनह्वा’ हे नाव सिद्ध झाले. अपस्माराचे झटके येऊ लागल्यानंतरही कोटणीसांचे काम थांबले नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

या जीवनक्रमातील प्रत्येक वळणावर दोन न्याय्य मागण्या एकमेकींसमोर उभ्या आहेत. एका बाजूस रणांगणावरचा जखमी, तर दुसऱ्या बाजूस सोलापूरचे घर. एका बाजूस रुग्णालयाची गरज, तर दुसऱ्या बाजूस स्वतःचे ढासळते आरोग्य आणि नवजात मूल. चूक आणि बरोबर यांतील निवड ही द्विधा नव्हे. दोन्ही बाजू बरोबर असताना एकीला नकार द्यावा लागणे आणि त्या नकाराचे ओझे पुढे वाहत राहणे, हे द्विधेचे खरे स्वरूप होय.

चित्रपटातील रूपांतर :

चित्रपट या द्विधेला तीन मार्गांनी बगल देतो. पहिला मार्ग पात्रयोजनेचा. कोटणीसांची भूमिका स्वतः शांताराम यांनी केली आहे. त्यांचा जन्म १९०१ चा; म्हणजे चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडलेली होती. परिणामी पडद्यावर दिसतो तो शिकाऊपणातून नुकताच बाहेर पडलेला, चाचपडणारा डॉक्टर नव्हे, तर निश्चयाने पूर्ण घडलेला पुरुष. वडिलांची स्वप्ने आणि मुलाचा संकल्प यांची गाठ आरंभी पडते. परंतु ती भावनेच्या पातळीवर लगेच सुटते. वडिलांचा अभिमान हाच मुलाच्या नकाराचा परिहार ठरतो. कुटुंबाने कोणती किंमत मोजली, हा प्रश्न अश्रूंत विरघळून जातो.

दुसरा मार्ग कथानकाचा. चित्रपटात प्लेगच्या साथीवर मात करणे हे नायकाचे सर्वांत मोठे कार्य ठरते. तो स्वतः त्या रोगाच्या तावडीत सापडतो, शत्रूच्या कैदेतही पडतो. नाट्याच्या दृष्टीने हे प्रसंग परिणामकारक आहेत. तथापि, कोटणीसांचे प्रत्यक्ष मोठेपण अपुऱ्या साधनांनिशी रोजच्या रोज केलेल्या शस्त्रक्रियांत आणि विद्यार्थ्यांना शिकविण्यात होते. एकाच वेळी वीस जखमी आले असता टेबलावर प्रथम कोणाला घ्यावे, कोणाला थांबवावे, हा युद्धरुग्णालयातील डॉक्टरचा नित्याचा पेच होय. साहसाला प्राधान्य मिळाल्याने हा पेच चित्रपटाच्या केंद्रस्थानी येऊच शकत नाही. साहसात शत्रू बाहेर असतो, तर द्विधेत संघर्ष निर्णय घेणाऱ्याच्या आत चालू असतो.

तिसरा मार्ग शेवटाचा. नायकाच्या निधनानंतर त्याची पत्नी मुलाला घेऊन भारतातील घरी येते. हा शेवट प्रेक्षकाला दिलासा देतो, तुटलेले घर पुन्हा जुळल्याचे समाधान देतो. वास्तवात असे घडले नाही. कुओ छिंगलान यांनी आयुष्य चीनमध्येच व्यतीत केले. भारतात त्या भेटीपुरत्या येत राहिल्या. २०१२ साली दालियन येथे त्यांचे निधन झाले. वैद्यकीय शिक्षण घेत असलेला यिनह्वा १९६७ मध्येच वारला होता. त्यागाची बाकी मागे राहिलेल्यांना आयुष्यभर चुकवावी लागते, हे सत्य या शेवटाने झाकले जाते.

एक बाजू मात्र चित्रपटाच्या पदरी घातलीच पाहिजे. १९४६ साली स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरील समाजाला संशयग्रस्त नायक नको होता. देशसीमेपलीकडील मानवतेचे नाते सांगणे हे त्या काळाचे निकडीचे काम होते आणि ते या चित्रपटाने निष्ठेने केले. परंतु द्विधा काढून घेतलेली प्रतिमा किती सहज परक्या हेतूला जुंपता येते, याचाही दाखला याच चित्रपटाने दिला. अमेरिकेत पुढे त्याची नव्याने जुळणी करून त्याला ‘नाइटमेअर इन रेड चायना’ असे साम्यवादविरोधी शीर्षक देण्यात आले. आयुष्याच्या अखेरच्या वर्षी चिनी साम्यवादी पक्षाचे सदस्य झालेल्या डॉक्टरच्या कथेचा हा उपयोग अंतर्मुख करणारा आहे.

प्रतिमेचे आजचे ओझे :

हा प्रश्न केवळ चित्रपट-इतिहासाचा नाही. त्यागमूर्ती डॉक्टरच्या प्रतिमेने आजही तरुण डॉक्टरांचे मोजमाप होते. केंद्र शासनाच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत कामाची मर्यादा सामान्यतः दिवसाला सलग बारा तास व आठवड्याला अठ्ठेचाळीस तास अशी सांगितलेली आहे. प्रत्यक्षात ही मर्यादा सर्रास ओलांडली जाते, ही निवासी डॉक्टरांच्या संघटनांची जुनी तक्रार आहे. युद्धातील बहात्तर तास हा अपवाद होता. शांततेच्या काळात तो अपवाद नियम म्हणून मागता येत नाही. मार्च २०१७ मध्ये धुळे येथे निवासी डॉक्टरवर झालेल्या हल्ल्यानंतर राज्यभरातील निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. तेव्हा रुग्णांचे हाल आणि डॉक्टरांची सुरक्षितता या दोन्ही न्याय्य मागण्या समोरासमोर आल्या. अशा वेळी ‘सेवाव्रत’ या एका शब्दाने चर्चा मिटविली की रुग्णालयाची जबाबदारी व्यक्तीच्या खांद्यावर सरकते. पुरेसे मनुष्यबळ, सुरक्षा, विश्रांती यांविषयी मग व्यवस्थेला कोणी विचारीत नाही.

या संदर्भात बीड परिसराला परिचित असलेली एक संकल्पना उपयुक्त ठरते. कपिलधार हे मन्मथस्वामींचे समाधिस्थान. ‘परमरहस्य’ या ग्रंथाद्वारे त्यांनी वीरशैव तत्त्वज्ञान मराठीत रुजविले. महात्मा बसवेश्वरांच्या परंपरेतील ‘कायक’ हा विचार श्रमालाच पूजेचे स्थान देतो. कायकात काम पवित्र असते, म्हणूनच काम करणाऱ्याचा देहही उपेक्षणीय ठरत नाही. त्याग एकदाच होतो आणि त्याला प्रेक्षक लागतो. कायक रोज होते आणि त्याला टिकणारा माणूस लागतो. कोटणीसांचे रुग्णालयातील काम कायकाच्या अंगाने वाचले, तर त्यांचे मोठेपण यत्किंचितही कमी होत नाही. उलट ते अनुकरणाच्या आवाक्यात येते. १९७४ साली ग्रामीण भागासाठी उभ्या राहिलेल्या अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थेतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला हौतात्म्याचा आदर्श देऊन भागणार नाही. त्याला निर्णय घेण्याचे आणि प्रसंगी नकार देण्याचे बळ हवे.

समारोप :

‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा आपल्या काळाचा महत्त्वाचा चित्रपट आहे, यात शंका नाही. तथापि, वैद्यकीय नीतीचा पाठ म्हणून तो अपुरा आहे; कारण त्यात निर्णय दिसतो, निर्णयाची घालमेल दिसत नाही. महाविद्यालयांतून हा चित्रपट अवश्य दाखविला जावा; मात्र तो चरित्रासोबत वाचला जावा. पडद्यावरील नायकाला वंदन करताना सोलापूरच्या घराने आणि दालियनच्या घराने काय गमावले, हेही विद्यार्थ्यांपुढे यावे. कोटणीसांना द्विधा परत दिली, तरच त्यांची निवड खऱ्या अर्थाने त्यांची स्वतःची ठरते.