ड्युरेनियम : कल्पित धातूचे नाव आणि कथेचे दायित्व

विज्ञानकथांतील अवकाशयाने ज्या अभेद्य धातूंची घडविलेली असतात, ते धातू प्रयोगशाळेत नव्हे, तर भाषेत तयार होतात. म्हणून त्यांची नावे केवळ शोभेची आहेत, असे मात्र म्हणता येणार नाही. नाव वाचकाला कोणते आश्वासन देते आणि कथा ते कितपत पाळते, हा समीक्षेचा खरा प्रश्न होय.

'स्टार ट्रेक' (१९६६–६९) ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका व तिच्यातून पुढे वाढलेला कथाविस्तार यांत यानांच्या बांधणीसंदर्भात ड्युरेनियम व ट्रायटेनियम हे धातू येतात. दोन्ही नावांच्या अंती '-इयम' हा प्रत्यय आहे. हम्फ्री डेव्हीने १८०७ मध्ये वेगळ्या केलेल्या पोटॅशियम व सोडियम यांच्या नावांतही तोच आहे. पुढे तो नव्या धातूंची जणू ओळखखूणच ठरला. या एका प्रत्ययाच्या बळावर कल्पित धातू खऱ्या मूलद्रव्यांच्या पंक्तीस जाऊन बसतो. ट्रायटेनियममध्ये टायटेनियम सरळ ऐकू येते. ड्युरेनियममध्ये 'कठीण' या अर्थाचा लॅटिन 'ड्युरस' जाणवतो आणि विमानबांधणीतील ड्युरालुमिनचे स्मरण होते. वस्तुतः ड्युरालुमिन या नावातील आद्य घटक जर्मनीतील ड्युरेन या गावाचा आहे. व्युत्पत्ती एक आणि श्रोत्याला भासणारा अर्थ दुसरा, असा हा प्रकार आहे. नवे नाव अशा भासावरच उभे राहते.

परंतु येथेच उणीवही दिसते. कठीणपणा म्हणजे बळकटी नव्हे. हिरा अत्यंत कठीण, तरी ठिसूळ असतो. यानाच्या कवचाला टणकपणाइतकाच चिवटपणा हवा. मराठीत हे दोन शब्द स्वतंत्र आहेत. कल्पित धातूचे नाव मात्र दोन्ही गुणांचे श्रेय एकदम घेते आणि कथा बहुधा त्याचा हिशेब मागत नाही. कवच टिकणे वा फुटणे हे मग प्रसंगाच्या सोयीवर अवलंबून राहते.

लॅरी निव्हेन यांची 'न्यूट्रॉन स्टार' (१९६६) ही कथा याच्या उलट वाटेने जाते. तेथील यानाच्या कवचाला भारदस्त धातुनाम नाही; ते 'जनरल प्रॉडक्ट्स' या कल्पित उत्पादकाच्या नावाने ओळखले जाते. दृश्य प्रकाशावाचून काहीही त्यातून आत जाऊ शकत नाही, अशी त्याची ख्याती आहे. तरीही न्यूट्रॉन ताऱ्याजवळून गेलेल्या यानातील दोघे संशोधक मरण पावतात आणि कवच शाबूत राहते. ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणातील फरकाने निर्माण होणारी ओढ भिंत न फोडताच आतल्या माणसांना गाठते. कवचाविषयीचे आश्वासन शब्दशः पाळले जाते आणि त्यातूनच त्याची मर्यादा उघड होते. कथानक या मर्यादेतून जन्मले आहे.

मराठी अनुवादकापुढील पेच यामुळे स्पष्ट होतो. 'ड्युरेनियम' तसेच ठेवले, तर प्रत्ययाचा शास्त्रीय अधिकार टिकतो, पण धातूतील कठीणपणाची सूचना बहुतेक वाचकांपर्यंत पोहोचत नाही. 'वज्र' शब्द योजला, तर ती सूचना मिळते; पण त्यासोबत दधीची ऋषींच्या अस्थीही येतात. पुराणातील वज्राच्या सामर्थ्याला कुणाच्या तरी देहाचे मोल पडलेले आहे. ड्युरेनियमला असे मोल पडलेले नाही. म्हणून अनुवादाच्या दृष्टीने लिप्यंतर अधिक प्रामाणिक ठरते, आणि समीक्षेच्या दृष्टीने तेच त्या नावाचे उणेपण दाखवून देते.