घाम, नांगी आणि गप्प रोगी

एकनाथांच्या ‘विंचू चावला’ या भारुडाकडे आपण रूपक म्हणून पाहतो. विंचू म्हणजे काम-क्रोध, उतारा म्हणजे सत्त्वगुण; एवढे सांगितले की समीक्षकाचे काम संपते. कुडपणमध्ये भारूड ऐकताना माझे लक्ष आधी घामाकडे जाते. दंश होताच भारुडातल्या माणसाला घाम फुटतो. भाताच्या पेंढ्यात रोज हात घालणाऱ्यांना हा घाम नुसता अलंकार वाटत नाही.

1982 साली ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा लाल विंचवाच्या दंशावरचा निबंध आला. बिरवाडीचे आरोग्य केंद्र आणि महाड परिसर ही त्यांची कर्मभूमी. हृदयावर घाला पडण्याआधी शरीर कोणत्या खुणा देते, हा निबंधाचा विषय. दरदरून घाम, उलट्या, पुरुषांत लिंगाची आपोआप ताठरता, पुढे गार पडणारे हातपाय. वाक्ये कोरडी आहेत. पण रोग्याच्या उशाशी रात्र काढल्याशिवाय अशी यादी होत नाही. मला ती साहित्य म्हणूनही मोलाची वाटते.

डॉक्टरने शोध पद्यात सांगितल्याचे उदाहरणही आपल्याच देशात घडले. 1897च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचा जंतू दिसला आणि त्याने त्यावर कविता केली. तीत देव आहे, मृत्यू आहे, शेवटी बायबलातले मृत्यूच्या नांगीला दिलेले आव्हान आहे. (मराठी बायबलातही शब्द ‘नांगी’च.) तापाने फणफणलेला एकही माणूस मात्र तीत नाही. शोध थोर, कविता विजयपताका. एकनाथ वैद्य नव्हते, तरी रोगी त्यांच्याच रचनेत सापडतो.

पण भारूड आणि निबंध यांची वाट एका ठिकाणी फुटते. भारुडाचा सारा जीव आरडाओरड्यात आहे आणि त्यात भीती आहे ती इंगळीची, म्हणजे मोठ्या काळ्या विंचवाची. आमच्याकडे जीव घेतो तो बहुधा लहानसा लाल. बावस्करांच्या प्रतवारीत नुसता असह्य ठणका असलेला रोगी पहिल्या, सौम्य पायरीवर बसतो. ज्याच्या सर्वांगात विष भिनले, त्याची दंशाची जागा अनेकदा फारशी दुखतही नाही. ओरडणाऱ्याभोवती माणसे जमतात; घामाने भिजलेले गप्प पोर कोपऱ्यात निजते.

‘उतारा पडला’ या शब्दांतला धोका इथे आहे. ठणका थांबला की विष उतरले, असे मांत्रिकही म्हणतो आणि घरचेही. आत मात्र विषामुळे शरीरातलीच उत्तेजक द्रव्ये रक्तात लोटत असतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते, फुप्फुसात पाणी भरते. त्या आवळण्यावर बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे औषध वापरले. डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह लिहिलेला त्यावरचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये 1986चा. पुढे महाडलाच 70 रोग्यांवर चाचणी झाली. ती 2011 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापली. प्राझोसिनला प्रतिविषाची जोड दिलेल्या 35 पैकी 32 जण दहा तासांत पूर्ण सावरले, नुसत्या प्राझोसिनवर 35 पैकी 8.

गावात भारूड रंगते तेव्हा घामाच्या शब्दावर सोंगाडी कपाळ पुसतो, लोक हसतात. त्या जागी त्याने क्षणभर थांबावे, असे मला फार वाटते. कुडपणहून महाडला गाडी निघायची ती ठणका उतरण्याची वाट न पाहता.