रूपसाम्य आणि अर्थभेद : व्हीसॉक व नेट या ड्रायव्हरांतील सामाईक कोड

‘शिक्षा’ हा शब्द मराठीत व हिंदीत एकाच मुळापासून आलेला आहे; तथापि मराठीत तो दंडाचा, तर हिंदीत अध्ययनाचा वाचक ठरला. रूप एक म्हणून एका भाषेचा कोश दुसरीस लावू गेल्यास अनर्थ ओढवतो. लिनक्स कर्नलमधील दोन ड्रायव्हरांचा कोड एक करावा की नाही, हा वाद याच स्वरूपाचा होय.

यजमान संगणक आणि त्याच्या पोटात आज्ञावलीने उभे केलेले आभासी यंत्र यांच्यातील देवघेवीसाठी ‘व्हर्टआयओ’ ही संकेतव्यवस्था रूढ आहे. रस्टी रसेल यांनी तिची मांडणी २००८ च्या निबंधात केली. तिच्या आश्रयाने नेट ड्रायव्हर आभासी यंत्रास नेटवर्क कार्ड पुरवितो. २०१६ मध्ये, ४.८ या आवृत्तीत, कर्नलमध्ये आलेला व्हीसॉक ड्रायव्हर केवळ यजमान व आभासी यंत्र यांच्यात संवाद घडवितो. त्यास आयपी पत्ता लागत नाही. एक संख्या हीच यंत्राची ओळख, आणि यजमानाची संख्या २ ही ठरलेली. दोघेही रांगेत रिकामे बफर मांडतात, भरलेले उचलतात व पुन्हा मांडतात. रूपसाम्य ते एवढेच.

२०१८ मध्ये हा प्रश्न ऐरणीवर आला. व्हीसॉकचे ग्रहणाचे बफर ४ किलोबाइटचे असल्याने मोठ्या संदेशाचे तुकडे पडत व वेग मंदावे. नेट ड्रायव्हरमध्ये एक पॅकेट अनेक बफरांत पसरविण्याची सोय पूर्वीपासून होती. तीच सोय व्हीसॉकमध्ये नव्याने लिहावी, की व्हीसॉकच नेटवर आरूढ करावा, असे दोन पक्ष पुढे आले. दुसऱ्या पक्षाची बाजू दुबळी नव्हती : एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिली, की दोष दोन ठिकाणी शोधावे लागतात.

परंतु या पक्षाने अर्थभेदाकडे पुरेसे लक्ष दिले नाही. नेटवर्कात जागा नसल्यास पॅकेट टाकून देणे हा दोष मानला जात नाही. टीसीपी ते पुन्हा पाठविते. व्हीसॉकमध्ये हरवलेले पॅकेट परत मागणारा वरचा थर नाही. म्हणून त्याच्या ४४ बाइटांच्या शीर्षकात ग्राहकाने राखलेली जागा आणि आजवर उचललेला मजकूर यांची नोंद असते; तिच्यापलीकडे प्रेषकाने एक बाइटही धाडू नये असा नियम आहे. नेटच्या शीर्षकात अशी नोंद नाही. व्हीसॉक नेटवर आरूढ करावयाचा, तर हा नियम वेगळा सांभाळावाच लागेल. शिवाय नेटवर्काची जी मांडणी टाळण्यासाठी तो जन्मला, तीच त्याच्या गळ्यात पडेल.

या दृष्टीने २०२३ मधील ६.३ या आवृत्तीतील बदल विवेकाचा म्हणावा लागेल. व्हीसॉकने स्वतःची पॅकेटरचना सोडून नेटवर्क विभागाची ‘एसके-बफ’ ही रचना स्वीकारली; नियम मात्र आपलेच राखले. पात्र सामाईक झाले, आशय स्वतंत्र राहिला. तरीही ग्रहणाच्या रांगेत बफर भरण्याचे काम दोन्ही ड्रायव्हरांत निरनिराळे लिहिलेले आहे, ही उणीव उरतेच. एकीकरण व्हावयाचे तर ते येथे व्हावे. जेथे दोन कोडांचा अर्थ एक आहे, तेथेच त्यांचे रूपही एक करणे इष्ट होय.