पंडिता रमाबाईंची अमेरिका आणि आपली लोकस्थिती

पंडिता रमाबाईंचे नाव आपल्या ख्रिस्ती घरांतून आदराने घेतले जाते. केडगावचे मुक्ती सदन, मराठीतील बायबलचे भाषांतर, अनाथ मुलींची आई, एवढी त्यांची ओळख आपल्याला पुरेशी वाटते. आमच्या सेमिनरीतील इतिहासाच्या तासाला त्या एका वाक्यात येऊन गेल्या होत्या. त्यांनी १८८९ साली मराठीत लिहिलेला 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हा ग्रंथ मी वयाच्या पन्नाशीनंतर प्रथम वाचला, हे कबूल करताना संकोच वाटतो. त्या ग्रंथाविषयी चार शब्द लिहावेत, असे बरेच दिवस मनात होते.

ग्रंथाच्या नावातील शब्दांचा क्रम पाहावा. लोकस्थिती आधी, प्रवासवृत्त नंतर. त्या काळी परदेशी जाऊन आलेला मनुष्य बोट, बंदर, थंडी आणि उंच इमारती यांचे वर्णन करी. रमाबाईंनीही ते केले आहे, परंतु त्यांचे मन तेथे रमत नाही. एखाद्या देशातील लोक कसे राहतात, शाळेचा खर्च कोण करतो, विधवेच्या हाती काय उरते, कायदा कुणाच्या बाजूने उभा राहतो, हे त्यांना पाहायचे आहे. यामागे त्यांचे पूर्वायुष्य आहे. १८५८ साली जन्मलेली ही मुलगी वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर तीर्थामागून तीर्थ हिंडत, पुराणे सांगत वाढली. १८७० नंतरच्या दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण तिच्या डोळ्यांदेखत गेली. जिने भूक पुस्तकात वाचलेली नव्हती, तिने समृद्ध देशात पाऊल ठेवल्यावर काय पाहावे, हे वेगळे सांगायला नको.

रमाबाई १८८६ च्या मार्च महिन्यात इंग्लंडहून फिलाडेल्फियाला पोहोचल्या. निमित्त होते आनंदीबाई जोशी यांच्या वैद्यकीय पदवीदान समारंभाचे. येताना तीन वर्षांपूर्वी वॉन्टेज येथे घेतलेला बाप्तिस्मा आणि त्यावरून पुण्यात उठलेले वादळ त्यांच्या पाठीशी होते. थोड्या दिवसांसाठी गेलेल्या रमाबाई जवळजवळ तीन वर्षे तेथे राहिल्या, व्याख्याने देत फिरल्या आणि १८८७ साली बोस्टन येथे त्यांच्या कार्यास साहाय्य करणारी संस्था स्थापन झाली. १८८९ च्या आरंभी त्या जपानमार्गे परतल्या आणि ११ मार्च रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. ग्रंथ त्याच वर्षाच्या अखेरीस आला. म्हणजे एका हाताने त्या मुलींच्या निवासाची व्यवस्था पाहत होत्या आणि दुसऱ्या हाताने पुस्तक लिहीत होत्या. ग्रंथातील निकड मला तेथून आलेली वाटते.

या ग्रंथाचे हृदय म्हणजे स्त्रियांच्या स्थितीवरील दीर्घ प्रकरण. अमेरिकेतील स्त्री आज डॉक्टर होते, वकील होते, वर्तमानपत्रात लिहिते, एवढे सांगून रमाबाई थांबल्या असत्या तर तो केवळ स्तुतिपाठ झाला असता. त्यांनी मागे जाऊन ही दारे पूर्वी बंद होती, ती कुणी आणि किती वर्षे ठोठावली, टिंगल कुणी केली, हे सांगितले आहे. मराठी वाचकाला त्या जणू सुचवतात की तो देशही जन्मतः न्यायी नव्हता. तेथील बायकांनी मंडळ्या काढल्या, वर्गणी जमवली, हिशेब छापले, विधिमंडळापुढे अर्ज नेले, आणि मग कुठे कायदा हलला. फ्रान्सिस विलर्ड यांच्या मद्यपानविरोधी संघटनेविषयी त्या लिहितात तेव्हा त्यांच्या लेखणीला विशेष उत्साह येतो. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आपल्या धर्मग्रामांतून पाहिलेल्या वाचकाला तो उत्साह परका वाटणार नाही. सुधारणा ही थोरामोठ्यांच्या कृपेने उतरत नाही, ती सभेच्या इतिवृत्तातून आणि वर्गणीच्या पावतीपुस्तकातून हळूहळू वर येते, हे १८८९ च्या मराठीत इतक्या स्वच्छपणे मांडणारे दुसरे पुस्तक माझ्या वाचनात नाही.

तथापि हा ग्रंथ निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. रमाबाई ज्या घरांत उतरल्या ती बहुतांशी सुशिक्षित आणि सुधारणाप्रिय घरे होती. त्यांची अमेरिका त्या घरांच्या खिडकीतून दिसलेली आहे. मूळच्या रहिवाशांवर गोऱ्यांनी केलेला अन्याय आणि निग्रो लोकांची गुलामगिरी यांचा त्या निषेध करतात, तेथील बायकांच्या पोशाखाच्या हव्यासावरही कोरडे ओढतात. पण १८८२ साली चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा त्याच प्रजासत्ताकाने केला होता आणि रमाबाई तेथे असतानाच, मे १८८६ मध्ये, आठ तासांच्या दिवसासाठी झगडणाऱ्या कामगारांचा शिकागोत रक्तपात झाला होता. हे प्रश्न ग्रंथाचा गाभा होत नाहीत. तुलना करताना त्यांच्या मनासमोर बहुधा उच्चवर्णीय हिंदू स्त्री असते. शेतावर राबणारी, पाण्यासाठी दुसऱ्याच्या दारात उभी राहणारी स्त्री कडेला राहते. (पोप लिओ तेरावे यांचे मजुरांच्या स्थितीवरील परिपत्रक 'रेरुम नोव्हारुम' १८९१ चे, म्हणजे या ग्रंथानंतरचे आहे, हेही ध्यानात ठेवावे. आपणही त्या बाबतीत फार आधी जागे झालो होतो असे नाही.)

येथे महात्मा फुले यांची आठवण होते. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे दोघांनीही आपले म्हणणे मांडले. रमाबाईंनी स्त्री-शिक्षिका, शाळा तपासणाऱ्या स्त्रिया आणि स्त्री-डॉक्टर यांची मागणी केली. फुले यांनी सरकारी तिजोरी रयतेच्या घामाने भरते आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, हे दाखवून निदान बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे असे सांगितले. रमाबाईंच्या मागण्या नेमक्या आणि व्यवहार्य होत्या. फुल्यांची मागणी व्यवस्थेच्या मुळाला हात घालणारी होती. पुढे १८८५ साली 'सत्सार'मध्ये फुल्यांनी रमाबाईंची बाजू घेतली, ही गोष्ट दोघांच्याही मोठेपणाची. शिक्षण हा मुलांचा मूलभूत हक्क म्हणून आपल्या संविधानात यायला २००२ साल उजाडावे लागले आणि त्याचा कायदा अमलात आला १ एप्रिल २०१० रोजी.

माझ्या मते रमाबाईंच्या ग्रंथातील खरा ताण दया आणि हक्क यांच्यामधला आहे. अमेरिकेत त्यांना दोन्ही दिसले: स्वेच्छेने चालणाऱ्या संस्था आणि कराच्या पैशावर चालणाऱ्या, सर्वांना खुल्या शाळा. परंतु घरी परतल्यावर त्यांच्यापुढे परके सरकार होते आणि स्वकीयांचा रोष होता. कायदा करणाऱ्या सभेत त्यांना जागा नव्हती. तेव्हा त्यांनी संस्था काढली. १८९३ साली धर्मांतराच्या वादावरून न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी शेकडो मुलींना आसरा दिला. पुढच्या पिढ्यांनी त्यांचे केडगाव लक्षात ठेवले आणि ग्रंथ विसरला. आपण ख्रिस्ती लोकांनी तर विशेषच. दया आपल्याला सवयीची आहे. हक्काची भाषा आली की आपण थोडे अवघडतो.

हे मी दुसऱ्यांवर बोट ठेवून लिहीत नाही. पूर्वीच्या एका धर्मग्रामात एक विधवा बाई दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर कार्यालयाच्या दाराशी येऊन उभी राही. गरिबांसाठीच्या निधीतून मी तिला पाकीट देत असे. 'फादर, देव तुमचे भले करो,' म्हणून ती जाई आणि मलाही बरे वाटे. असे सहा वर्षे चालले. एके दिवशी शाळेतील एका तरुण शिक्षिकेने मला विचारले, "फादर, मावशींचा निराधार योजनेचा अर्ज कुणी भरला नाही का?" संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात १९८० पासून आहे. मला नाव ठाऊक होते. अर्ज भरावा हे मात्र सुचले नव्हते. त्या मुलीने उत्पन्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला, रेशनकार्डाची प्रत जमवली, तहसील कचेरीत तीन खेपा घातल्या. अनुदान सुरू झाल्यावर बाई पहिल्या रविवारी आली नाही. पुढे एकदा भेटली तेव्हा म्हणाली, "आता बँकेतून काढते, फादर. कुणाला काही मागावं लागत नाही." मला आनंद झाला, आणि पाकिटाच्या त्या सहा वर्षांची लाजही वाटली.

रमाबाईंचे ते प्रकरण मी त्यानंतर पुन्हा वाचले. इतिवृत्त, अर्ज, हिशेब, खेपा, या साऱ्या रुक्ष गोष्टी त्यांनी का लिहून ठेवल्या, हे तेव्हा कळले.

त्यांच्या भाषेविषयी थोडे सांगितले पाहिजे. संस्कृतात मुरलेल्या या विदुषीची मराठी वाक्ये लांब आहेत, कधी माहितीच्या ओझ्याने वाकतात. आजच्या तरुण वाचकाला आकडेवारीची पाने कंटाळवाणी वाटतील. पण मध्येच एखादा तिरकस शेरा येतो आणि कीर्तनाच्या सभेत वाढलेली बाई बोलते आहे हे ओळखू येते. २००३ साली एकाच वर्षी या ग्रंथाची दोन इंग्रजी भाषांतरे निघाली. मराठी घरांत मात्र तो क्वचितच दिसतो. ज्यांना मिळेल त्यांनी बोटीच्या प्रवासापासून आरंभ करू नये. स्त्रियांच्या स्थितीवरील प्रकरण आधी वाचावे, मग शिक्षणाचे, आणि समुद्राचे वर्णन सवडीने.